पावसाळ्यानंतर जुन्या रायफलीचा मार सरकतो: साइटला हात लावण्यापूर्वी काय तपासावे

दसऱ्याच्या आगेमागे दरवर्षी एकच तक्रार माझ्या कानावर येते. मे महिन्यात रेंजवर नेलेली रायफल पन्नास मीटरवर पाच गोळ्या चार बोटांत बसवत होती. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ती कपाटात पडून होती, बॅकसाइटला (नेम धरण्याच्या मागच्या खाचेला) कोणी हात लावला नाही, काडतुसेही त्याच पेटीतली आहेत, आणि तरीही आता ती वीतभर वर आणि उजवीकडे मारते आहे. मालक फोरसाइट, म्हणजे नळीच्या तोंडाजवळचे नेमाचे पाते, ठोकून सरकवून घेतो आणि समाधानाने घरी जातो. मार्च-एप्रिलमध्ये ऊन तापले की तीच रायफल उलट बाजूला जाऊ लागते आणि फोरसाइट पुन्हा ठोकली जाते. पन्हाळ्याकडच्या एका शेतकऱ्याने मला दाखवलेल्या रायफलीच्या फोरसाइटवर हातोडीचे इतके वण होते की ते पाते खाचेत बोटाने हलत होते. त्या रायफलीची साइट मुळात कधीच बिघडलेली नव्हती. बिघडत होते ते लाकूड.

मी लष्करात ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रे-शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या शाखेत, आर्मरर (शस्त्रदुरुस्ती कारागीर) होतो. निवृत्तीनंतर कोल्हापुरातल्या एका परवानाधारक दुरुस्तीच्या दुकानात काही वर्षे बसलो. आता तेही सोडले आहे, पण सल्ला विचारणारे थांबलेले नाहीत, म्हणून एकदा सगळे सविस्तर लिहून ठेवतो आहे. हे विवेचन ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या घराण्यातल्या, लाकडी कुंद्याच्या रायफलींना लागू आहे. आपल्याकडे नागरिकाला परवान्यावर थ्री-नॉट-थ्री (.३०३, जुने लष्करी काडतूस) मिळत नाही, कारण ते निषिद्ध बोअर, म्हणजे नळीचे माप, आहे. लष्करी काडतूस बाहेर जाऊ नये म्हणून निराळ्या बोअरची सोय झाली आणि त्यातूनच .३१५ बोअर, ज्याला लोक आठ एमएम म्हणतात, ते रुजले. मात्र बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा), बॉडी (तो ज्यात सरकतो ते पोलादी घर) आणि ती लाकडात बसवण्याची तऱ्हा तीच राहिली, जी १९०७ साली आलेल्या शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड मार्क थ्रीची होती आणि जी बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्याने पिढ्यान्‌पिढ्या घडवली. त्यामुळे घरातली .३१५ असो किंवा एखाद्या संस्थेच्या ताब्यातली जुनी लष्करी रायफल असो, दुखणे एकच असते.

कोणतीही तपासणी सुरू करण्यापूर्वी मॅगझिन काढावे, बोल्ट उघडावा, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला, जिथे काडतूस बसते) डोळ्यांनी पाहावे आणि करंगळी घालून खात्री करावी. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. हे मी प्रत्येक वेळी सांगतो आणि प्रत्येक वेळी कोणीतरी हसतो. रिकाम्या समजल्या गेलेल्या बंदुकीने माणूस गेल्याची एक तरी हकीकत प्रत्येक तालुक्यात असते. दुसरी गोष्ट कायद्याची. साफसफाई, पाहणी आणि नोंद एवढे मालकाने करावे. लाकूड तासणे, बोल्टचे डोके बदलणे किंवा साइट सरकवणे ही कामे परवानाधारक कारागिराकडेच न्यावीत.

कागद काय सांगतो ते आधी वाचा

रायफल उघडण्याच्या आधी लक्ष्याचा कागद नीट पाहिला तर निम्मे निदान तिथेच होते. अधिकृत रेंजवर, बाकावर वाळूच्या पिशवीचा आधार घेऊन, थंड नळीतून सावकाश पाच गोळ्या झाडाव्यात आणि प्रत्येक छिद्राला क्रमांक द्यावा. पाचही गोळ्या एकमेकींजवळ असतील, पण सगळा पुंजका सरकलेला असेल, तर लाकूड नळीला एका ठरावीक जागी दाबते आहे. पहिली गोळी जागेवर आणि पुढच्या एकेक करून एकाच दिशेला चालत गेल्या असतील, तर नळी तापून फुगते तेव्हा ती लाकडाला जाऊन भिडते आहे. पाचही गोळ्या पाच दिशांना असतील, तर लाकडाचा दाब हा पहिला संशयित नव्हे. मग ढिले स्क्रू, मागे सरकणारी बॉडी किंवा नळीच्या तोंडाची झिजलेली कड पाहावी. क्रमांक न घालता आणलेल्या कागदावर मला काहीही सांगता येत नाही, आणि बहुतेक लोक तसाच कागद घेऊन येतात.

नळी

नळीबद्दल थोडक्यात. बोल्ट काढून मागच्या बाजूने उजेडाकडे पाहावे. पावसाळ्यात कुंभारीण माशी बंदुकीच्या नळीत मातीचे घर करते, आणि अशा नळीतून गोळी झाडली तर नळी फुगते किंवा फाटते. हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. मातीचे घर नसेल तर खाचांमध्ये तांब्याचा मुलामा आणि गंजाचे ठिपके शोधावेत. जुन्या काडतुसांच्या कॅपमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळाल्यावर नळीत क्षार उरतो, तो हवेतले पाणी ओढून घेतो आणि तेलात विरघळत नाही. म्हणून जुन्या लष्करी शिस्तीत गोळीबारानंतर नळीतून उकळते पाणी ओतत आणि मगच पुल-थ्रूला (नळीतून ओढायच्या दोरीला) चिंदी लावून नळी कोरडी करून तेल देत. तशी जुनी काडतुसे वापरली गेली असतील तर आजही तेच करावे, फक्त पाणी लाकडात उतरू देऊ नये. नळी नेहमी चेंबरच्या बाजूने साफ करावी. तोंडाकडून घासलेला गज तिथली कड झिजवतो आणि मग लाकडावर कितीही मेहनत केली तरी पुंजका आवळत नाही.

खंडेनवमीचा उल्लेख इथेच करतो. शस्त्रपूजन अवश्य करावे, मीही करतो. पण ओल्या गंधाचे आणि हळदकुंकवाचे बोट उघड्या पोलादावर लावून रायफल तशीच कपाटात ठेवली की दिवाळीपर्यंत तिथे बोटाच्या आकाराचा गंज उमटतो. गंध कुंद्याला लावावे आणि संध्याकाळी पुसून घ्यावे.

खरे कारण: पुढचा लाकडी भाग

नळीखालच्या लांब लाकडी भागाला आर्मरर फोरएंड म्हणतात. लाकूड दमट हवेत लांबीत जवळजवळ वाढत नाही, पण रुंदीत आणि जाडीत फुगते. कोल्हापूर शहरातच चार महिने भिंतींना ओल येते. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी या पट्ट्यात तर कपाटातले कपडेही हाताला गार लागतात. फुगलेले लाकूड नळीच्या एका कुशीला टेकते, बहुधा टेकणाऱ्या जागेच्या उलट दिशेला मार सरकतो, आणि उन्हाळ्यात लाकूड आकसले की तो परत येतो. साइट ठोकणारा मालक दर सहा महिन्यांनी याच हेलकाव्याचा पाठलाग करत असतो.

आता एक गोष्ट, जी पाहायला कोणी फोरएंड उघडतच नाही. कुंदा बाहेरून पॉलिशने चकाकत असतो, पण नळी ज्या पन्हाळीत बसते ती पन्हाळ आतून कोरडी, उघडी, कच्च्या लाकडाची असते. बाहेरची बाजू बंद आणि आतली उघडी असे लाकूड ओल एकाच बाजूने पिते आणि म्हणून ते नुसते फुगत नाही, पिळवटते. वरचे व्हार्निश जितके जाड, तितका हा दोष अधिक. मला विचाराल तर जुन्या लष्करी कुंद्यावर व्हार्निश चढवणे ही निव्वळ हौस आहे, आणि ती महाग पडते.

तपासणी अशी करावी. नव्या दहा रुपयांच्या नोटेची कडा नळी आणि लाकडाच्या मधल्या फटीत सरकवून पाहावी. एका बाजूला नोट सहज फिरते आणि दुसऱ्या बाजूला अडते, असे असेल तर संशय पक्का झाला. त्यापुढचे काम कारागिराचे आहे, पण ते कसे चालते हे मालकाला ठाऊक असावे, म्हणजे फसवणूक होत नाही. समईच्या ज्योतीवर धरलेल्या ताटलीचे काजळ थेंबभर तेलात कालवून नळीच्या खालच्या अंगाला बोटाने पातळ फासतात. फोरएंड जागेवर बसवून स्क्रू आवळतात आणि पुन्हा काढतात. लाकडावर जिथे काळा डाग उमटला, तिथे ते नळीला टेकते आहे. शंभरांतल्या नव्वद रायफलींत हा डाग पन्हाळीच्या एकाच कुशीवर, तर्जनीच्या पेराएवढा, चमकदार काळा दिसतो, आणि तो पाहिल्यावर मालकाचा चेहरा बघण्यासारखा होतो. आठ वर्षे साइट ठोकली ती एवढ्याशा ठिपक्यासाठी. तो ठिपका रंध्याने नव्हे, तर काचेच्या तुकड्याच्या कडेने किंवा खरवडणीने, कागदाएवढा पातळ थर काढत काढत घालवायचा असतो. दोन-तीनदा काजळ लावून पाहिल्याशिवाय हे काम पुरे होत नाही. ज्याने एकदाच पाहून छिन्नी उचलली, त्याच्याकडून रायफल परत घ्यावी.

वेळही महत्त्वाची आहे. ऑक्टोबरात लाकूड पूर्ण फुगलेले असते. तेव्हा मनासारखे खरवडले तर मे महिन्यात नळी पन्हाळीत खुळखुळते. मी हे काम नेहमी दिवाळीनंतर महिनाभर थांबून, डिसेंबरात करत असे. तोपर्यंत साइटला हात लावू नये.

खरवडून झाल्यावर पन्हाळ उघडी ठेवायची नाही. कच्चे जवसाचे तेल तळहातावर घेऊन, लाकूड गरम लागेपर्यंत चोळून, अगदी पातळ थर द्यावा, दोन दिवस वाळू द्यावा, आणि असे पाच-सहा थर आतून आणि बाहेरून सारखेच द्यावेत. लाकडाचा जो आडवा कापलेला शेवट असतो, तिथे दोन थर जास्त, कारण ओल तिथूनच सर्वांत जास्त शिरते. तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना तापते आणि असा बोळा आपोआप पेट घेतो. त्या दोरीवर पसरून वाळवाव्यात. खोबरेल तेल मात्र ना लाकडाला लावावे ना लोखंडाला. ते थंडीत गोठते, बोल्टमध्ये चिकट होते आणि फायरिंग पिन मंदावते; काडतूस न फुटल्याच्या तक्रारींत हे कारण मला वारंवार सापडले आहे. काडतूस फुटले नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान तीस सेकंद थांबावे, मगच बोल्ट उघडावा.

उन्हाळ्यातला उलटा दोष

ट्रिगर गार्डच्या पुढच्या स्क्रूभोवती, लाकडाच्या आत, एक छोटी धातूची नळी असते. आर्मरर तिला कॉलर म्हणतात. लाकूड आकसले की ती त्याच्यापेक्षा उंच ठरते, स्क्रू तिच्यावर जाऊन टेकतो, पेचकसाला घट्ट लागतो, आणि लाकूड मात्र ढिलेच राहते. मालक म्हणतो, स्क्रू तर आवळलेला आहे. खरे आहे, पण तो कॉलरवर आवळलेला आहे. आणखी आवळल्याने स्क्रूची खाच फाटते, बाकी काही होत नाही. कॉलरची उंची लाकडाशी जुळवून घेणे हाच उपाय आहे.

याच्याच जोडीला मागचे दोन खांदे पाहावेत. गोळी सुटताना बॉडी मागे रेटते आणि तो रेटा फोरएंडच्या मागच्या टोकाचे दोन लाकडी खांदे झेलतात. रायफल वर्षानुवर्षे नळी आकाशाकडे करून उभी ठेवली आणि तेल सढळ हाताने घातले, तर ते तेल ओघळत नेमके याच खांद्यांत मुरते. तेलाने काळे पडलेले लाकूड भिजलेल्या बिस्किटासारखे दबते. मग प्रत्येक गोळीला बॉडी केसभर मागे सरकते आणि पुंजका विस्कटतो. फोरएंड काढताना तो सरळ खाली उतरवावा. पुढचे टोक आधी ओढले की हेच खांदे तुटतात.

इथे माझी स्वतःची चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मागचा बट (कुंद्याचा खांद्याला टेकणारा भाग) हलतो म्हणून मी बटप्लेटच्या झाकणातून लांब पेचकस घालून आतला बोल्ट आवळायला घेतला. फोरएंड जागेवरच होता. जुन्या मार्क थ्रीमध्ये त्या बोल्टचे पुढचे चौकोनी टोक फोरएंडमधल्या पत्र्याच्या खाचेत अडकलेले असते. बोल्ट फिरला, चौकोन फिरला आणि फोरएंडचे मागचे टोक काडकन उकलले. उस्ताद काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त तो फोरएंड माझ्या पलंगाच्या उशाशी महिनाभर टांगून ठेवला. म्हणून बट ढिला असेल तर आधी फोरएंड उतरवावा, हे मी झोपेतही सांगेन.

बोल्टबद्दल एवढेच. बोल्टच्या दांड्यावरचा क्रमांक आणि बॉडीवरचा क्रमांक एकच असला पाहिजे. अनेक रायफली एकत्र साफ केल्या गेल्या की बोल्ट बदलले जातात, आणि परका बोल्ट बसतो, फिरतोही, पण काडतुसाच्या मागची मोकळी जागा बदलते. क्रमांक जुळत नसतील तर गोळी झाडू नये, गेजने (मापकाने) तपासून घ्यावे.

इतका त्रास, तरी लोक ती ठेवतात

२०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावरील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, तेव्हा ज्यांच्याकडे तीन होती त्यांना एक सोडावे लागले. माझ्याकडे सल्ल्याला आलेल्यांपैकी बहुतेकांनी जुनी बोल्ट रायफल ठेवली आणि दुसरेच काही सोडले. मला त्यात भाबडेपणा दिसत नाही. या बोल्टचा दांडा साठ अंशांतच उचलला जातो, खेचही आखूड असते, आणि घोडा चढतो तो बोल्ट पुढे ढकलताना. त्यामुळे उघडताना जोर लागत नाही. सरावलेल्या हाताला तो दाराच्या जुन्या कडीसारखा वाटतो, अंधारातही सापडणारा. बोल्टचे डोके हाताने उलगडता येते. झाकलेले, सीलबंद, कंपनीकडे पाठवावे लागेल असे काही तीत नाही. काजळाचा डाग पाहिला की मालकाला आपल्या रायफलीचे दुखणे स्वतःच्या डोळ्यांनी कळते, आणि कळलेले दुखणे माणूस सहज टाकून देत नाही.

कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवल्यापासून जिल्ह्यातली बरीच मुले नेमबाजीकडे वळली आहेत. त्यांच्यापैकी काही मला विचारतात की ॲल्युमिनियमच्या कुंद्याला ओल लागत नाही, मग लाकडाची ही कटकट कशाला. प्रश्न रास्त आहे आणि स्पर्धेसाठी त्यांचेच बरोबर आहे. जुन्या रायफलीचे गोडवे गातानाही प्रमाण सुटू नये. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या रेल्वे स्थानकावर स्वयंचलित शस्त्रांसमोर पोलिसांच्या हाती थ्री-नॉट-थ्री होती, तिथे तिने काय करावे अशी अपेक्षाच चुकीची होती.

पुढच्या जूनच्या आधी

कॅनव्हासच्या किंवा चामड्याच्या खोळीत रायफल पावसाळाभर ठेवू नये. खोळ ओल धरून ठेवते. कपाटात, भिंतीपासून चार बोटे अंतर ठेवून, नळीचे तोंड खाली करून उभी करावी आणि तोंडाखाली जाड फडके द्यावे, म्हणजे जादा तेल लाकडात न जाता फडक्यात उतरते. दर पंधरवड्याला एकदा बाहेर काढून कोरड्या फडक्याने पुसावी.

निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करावे लागते तेव्हा हे सगळे आपल्या हातात राहत नाही. एका ठिकाणी पंचवीस-तीस बंदुका ओल आलेल्या भिंतीला टेकवून रचलेल्या मी पाहिल्या आहेत; तक्रार करून उपयोग झाला नाही. म्हणून जमा करण्यापूर्वी नळीत आणि बाहेर तेलाचा पातळ हात द्यावा, बोल्टच्या व बॉडीच्या क्रमांकाचे छायाचित्र काढावे, पावतीवर दोन्ही क्रमांक लिहून घ्यावेत, आणि परत मिळाल्यावर घरी जाण्याआधी तिथेच क्रमांक ताडून पाहावेत.

पुराचे पाणी शिरले तर गोष्ट वेगळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कितीतरी वर गेली, तेव्हा शिरोळ भागातली एक रायफल चार दिवस पाण्याखाली होती. तिचे लोखंड दोन दिवसांत साफ झाले. लाकूड उन्हात वाळवण्याचा मालकाचा आग्रह होता; तो मोडून काढून आम्ही ते सावलीत, दोन बांबूंवर आडवे, दीड महिना ठेवले आणि दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले. सलग तीन रविवार वजन एकच भरले, तेव्हा काजळाची ताटली काढली.